आक्कांच्या डोक्यावर व्हीआर हेडसेट



हल्ली मंदिरात दर्शन झाल्यावर चप्पल घालता घालता कुणी ना कुणी मला विचारतं, "तुमच्याकडे ते डोळ्यांना बांधायचं यंत्र आलंय म्हणे. आमच्या सासूबाईंसाठी घ्यावं का हो?" प्रश्नामागचं कारण मला कळतं. आपल्या बहुतेक घरांत एक तरी वडीलधारं माणूस असं आहे की ज्याचे गुडघे गेलेत, पण तीर्थाची ओढ काही गेलेली नाही. परदेशातली, पुण्या-मुंबईतली मुलं फोनवर सांगतात, "आजीला व्हीआर घेऊन देऊ, घरबसल्या यात्रा होईल." मुलांचा हेतू चांगलाच असतो. पण ते यंत्र म्हाताऱ्या मानेला पेलतं का, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्यात काय दिसतं, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरी दोन महिने ते होतं. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी ते वापरलं, मी वापरलं. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी ते काय आहे ते सांगते. पोहताना घालतात तसा मोठा गॉगल डोळ्यांसमोर धरा. त्याच्या आत प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा पडदा आणि त्यापुढे एक भिंग. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि आपला मेंदू ती जुळवून खोली निर्माण करतो. ही युक्ती नवीन नाही. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ साली स्टिरिओस्कोप लोकांसमोर मांडला, तो याच तत्त्वावर. जुन्या जत्रांमध्ये डबीला डोळे लावून ताजमहाल दाखवायचे, तिचंच हे नातवंड म्हणायचं. नवीन गोष्ट एवढीच की मान फिरवली की चित्रही फिरतं. वर बघाल तर आभाळ, खाली बघाल तर जमीन. 'स्टँडअलोन' म्हणजे त्याला कॉम्प्युटर लागत नाही, वायर लागत नाही. प्रोसेसर, बॅटरी, स्पीकर सगळं त्या डब्यातच. ज्येष्ठांसाठी हे बरं, पायात वायर अडकत नाही. पण सगळं डब्यात म्हटलं की सगळ्याचं वजनही डब्यातच, आणि डबा नाकावर.

या वजनाची गंमत अशी की ती अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचा असा पहिला पडदा केला, तेव्हा तो इतका अवजड होता की छताला टांगून ठेवावा लागला. माणसानं खाली येऊन त्यात डोकं घालायचं. आता तो अर्ध्या किलोवर आला आहे. बाजारात मिळणाऱ्या मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, स्वस्तातल्या क्वेस्ट ३एसचं ५१४ ग्रॅम. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आला तेव्हा ३४९९ डॉलरला होता. त्याचं वजन ६०० ते ६५० ग्रॅम, आणि त्यातून बॅटरी बाहेर काढून वायरीनं खिशात ठेवलेली. आमच्या घरी आलेला कुठल्या कंपनीचा होता ते मी लिहीत नाही. मी काही कुणाची जाहिरात करायला बसले नाही आणि कुणाची तक्रारही करायची नाही. जे सांगते ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू आहे.

अर्धा किलो ऐकायला काहीच नाही. साखरेची लहान पिशवी. पण ती पिशवी हातात धरण्यात आणि कपाळाला बांधण्यात फरक आहे. वजन सगळं पुढे असतं, त्यामुळे मान नकळत खाली झुकते आणि मानेमागचे स्नायू ते ओढून धरतात. माझं वय ६३. मला पहिल्या दहा मिनिटांत काही वाटलं नाही, वीस मिनिटांनी गालांच्या हाडांवर दाब जाणवू लागला, आणि अर्ध्या तासानं काढल्यावर आरशात डोळ्यांभोवती लाल कड दिसली. आक्का ८६ वर्षांच्या. त्यांना दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.

पट्ट्यांचं एक तंत्र आहे, ते लक्षात ठेवा. मागचा पट्टा आवळला की यंत्र घट्ट बसतं असं वाटतं, आणि पुरुषमंडळी हमखास तोच आवळतात. त्यानं फक्त चेहऱ्यावरचा दाब वाढतो. वजन पेलायचं ते डोक्यावरून जाणाऱ्या मधल्या पट्ट्यानं. तो आधी थोडा कमी करून घ्यायचा, मग मागचा नुसता टेकेल इतपत ओढायचा. मागचा पट्टा कानांच्या वर न राहता डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर जो उंचवटा असतो, त्याच्या खाली बसला पाहिजे.

आणि नेमका तिथेच आपला अंबाडा असतो! हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंबाडा घालणारी बाई नसावी. आक्कांचे केस अजून छान लांब आहेत आणि अंबाडा अगदी मानेवर. पट्टा त्याच्यावरून घसरून वर जायचा आणि डबा नाकावर यायचा. पुतण्या म्हणाला, "आज्जी, केस मोकळे सोडा की." आक्का त्याच्याकडे अशा काही बघितल्या की तो गप्प बसला. मग मी त्यांची सैलशी वेणी घातली आणि ती खांद्यावरून पुढे घेतली. पट्टा नीट बसला. टिकली काढून ठेवावी लागते, नाहीतर आतल्या गादीला चिकटून येते. कानातल्या कुड्यांचा काही त्रास नाही, पण मोठे झुबे असतील तर काढावेत. कानामागं बसणारं श्रवणयंत्र असेल तर बाजूचा पट्टा त्याला घासून शिट्टी येते. पट्टा किंचित वर घेतला की शिट्टी थांबते.

गादी कशाची आहे तेही बघून घ्या. बहुतेकांना फोमची किंवा कापडी गादी असते, आणि ती घाम पिते. घरात चार जणांनी एकच वापरायची तर स्वच्छतेचा प्रश्न येतो. वरून लावायची सिलिकॉनची आवरणं मिळतात, ती पुसता येतात. कुणी महागाचा चामड्याचा पट्टा सुचवला तर आपल्याला तो चालणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. भिंगांना मात्र ओलं फडकं, सॅनिटायझर, स्पिरिट काही लावायचं नाही. चष्म्याबरोबर मिळतं तसलं मऊ कोरडं कापड पुरे. आणि एक फार महत्त्वाचं: यंत्र खिडकीत, गच्चीत, उन्हात कधीही ठेवू नका. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो, तसंच आतलं भिंग ऊन गोळा करून पडद्यावर पाडतं आणि पडद्याला कायमचा डाग पडतो. काही सेकंदांचंही ऊन पुरतं. आपल्याकडे पापड-सांडग्यांसाठी गच्ची सदैव उघडी, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता डोळ्यांकडे येते. आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकीचं वेगळं असतं. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. यंत्रातल्या दोन भिंगांमधलं अंतर त्याच्याशी जुळलं नाही, तर सगळं धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. क्वेस्ट ३ मध्ये एक चाक फिरवून ते ५३ ते ७५ मिलिमीटरपर्यंत हवं तिथे आणता येतं. क्वेस्ट ३एसमध्ये तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८. मधला कुणी असेल तर जवळची जागा निवडायची. चष्म्याच्या दुकानात हे अंतर मोजून देतात, पीडी म्हणतात त्याला. आमच्या नेहमीच्या दुकानदारानं आक्कांचं फुकट मोजून दिलं, ५८ भरलं. घरातल्या पुरुषांच्या मापावर लावलेलं यंत्र तसंच आजीच्या डोळ्यांना लावलं आणि "काही दिसंना" म्हणून आजीनं काढून ठेवलं, असं किती घरांत झालं असेल!

चष्म्याचं काय? इथे एक गोष्ट समजून घ्या. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असला तरी भिंगांमुळे डोळ्यांना तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा भासतो. म्हणून वाचायचा चष्मा नको, लांबचा हवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ज्यांना लांबचं चष्म्याशिवाय दिसतं, त्यांना बहुधा यातही चष्मा लागत नाही. आक्कांना लागला नाही. ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांनी तो घालूनच यंत्र लावायचं, पण आधी भिंगं आणि डोळे यांच्यातलं अंतर वाढवायची सोय वापरायची. नाहीतर चष्म्याची काच यंत्राच्या भिंगाला घासते आणि दोन्हीवर ओरखडे येतात. काचबिंदू, फिट येणं, पेसमेकर यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये. दहा वर्षांच्या आतल्या मुलांनी क्वेस्ट वापरू नये असं ती कंपनी स्वतःच सांगते, तेव्हा नातवंडांच्या हातून ते काढून घेताना वाईट वाटून घेऊ नका.

आता चित्र कसं दिसतं ते. यासाठी मी जरा हिशेब केला. बी.कॉम.ला घेतलेली आकडेमोड कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

क्वेस्ट ३ चा पडदा एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ ठिपक्यांचा आहे, म्हणजे ४५ लाखांच्या वर. ३एसचा १८३२ गुणिले १९२०, म्हणजे ३५ लाख. व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख. मोबाइलच्या दुकानात असे आकडे सांगितले की आपण हरखून जातो. पण हे ठिपके तळहाताएवढ्या पडद्यावर न दिसता आपल्या जवळजवळ सगळ्या नजरेवर पसरतात. कापड तेवढंच आणि झाकायचं सगळं अंगण, अशातली गत. म्हणून मोजायचं ते अंशाला किती ठिपके. निरोगी डोळा एका अंशात सुमारे ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो. क्वेस्ट ३ मध्ये मध्यभागी अंशाला २५ च्या आसपास पडतात. म्हणजे हे यंत्र आपल्या डोळ्यांच्या निम्म्याहूनही कमी. फार जुन्या यंत्रांत तर मच्छरदाणीतून पाहिल्यासारखी जाळी दिसायची. आता ती जवळपास गेली आहे.

भिंगंही दोन प्रकारची. एक फ्रेनेल भिंग, ज्यावर गोल गोल खाचा असतात. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसानं ते दीपगृहांसाठी केलं होतं. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यात प्रकाशाचे फराटे दिसतात, आणि नजर मधून जरा हलली की कडा धूसर होतात. दुसरं पॅनकेक भिंग. त्यात प्रकाश आतल्या आत पुढेमागे परतवतात, म्हणून डबा पातळ होतो आणि कडेपर्यंत स्पष्ट दिसतं. ज्येष्ठांसाठी घ्यायचंच असेल तर पॅनकेकवालं घ्या. फ्रेनेलमध्ये ती स्पष्ट दिसायची जागा शोधायला डबा वर-खाली करत बसावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला काय स्पष्ट दिसायला हवं होतं हेच माहीत नसतं, त्यामुळे ती तक्रारही करत नाहीत.

पण खरी मेख तिसरीच आहे. यंत्र कितीही चांगलं असो, दाखवायचा व्हिडिओ कसा आहे? चहूबाजूंनी घेतलेल्या व्हिडिओत सगळे ठिपके ३६० अंशांत वाटले जातात. ४के व्हिडिओ म्हणजे आडवे ३८४० ठिपके. भागिले ३६०, अंशाला सुमारे १०.७. म्हणजे यंत्र अंशाला २५ दाखवायला तयार आहे आणि व्हिडिओकडे द्यायला ११ पण नाहीत! टीव्हीवर ४के म्हणजे उत्तम, इथे ४के म्हणजे धूसर. ८के असेल तर ७६८० भागिले ३६०, म्हणजे २१. तो बरा दिसतो. पुतण्यानं तीर्थक्षेत्रांचे जे व्हिडिओ शोधून आणले, त्यातले बहुतेक ४के किंवा त्याहून कमी होते.

त्यात एक व्हिडिओ श्रवणबेळगोळचा होता.

आक्का श्रवणबेळगोळला एकदाच गेल्या आहेत, १९८१ च्या फेब्रुवारीत. बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून जो महामस्तकाभिषेक झाला, त्याला. मामंजी बरोबर होते. सांगलीहून किती हालअपेष्टा काढून गेले, कुठे उतरले, सहाशेवर पायऱ्या अनवाणी कशा चढले, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. पुढे २००६ ला जायचं ठरलं तेव्हा मामंजी आजारी होते. २०१८ ला आक्कांचे गुडघे. आता पुढचा येईल तेव्हा आपण नसू, असं त्या सहज बोलून जातात.

खुर्चीत बसवून आम्ही यंत्र लावलं. फिरती खुर्ची नको, हातांची भक्कम खुर्ची घ्या. मी शेजारी बसून त्यांचा हात धरला. पुतण्यानं चित्र टीव्हीवरही दिसेल अशी सोय केली, तिला कास्ट करणं म्हणतात. ती सोय जरूर वापरा. नाहीतर ते माणूस एकटंच कुठेतरी जातं आणि आपण बाहेर बसून विचारत राहतो, "दिसतंय का? दिसतंय का?"

आधी पायऱ्या आल्या. समोर पांढरट खडक, त्यातच कोरलेल्या पायऱ्या, खाली वळून पाहिलं की गावातलं तळं, पलीकडे चंद्रगिरी. आक्कांनी पाय उचलला. खरंच उचलला, चढायला. मी हात घट्ट धरला. यंत्राची सगळ्यात मोठी ताकद हीच, मैत्रिणींनो. उंची, खोली, पसारा ते खरा दाखवतं. ५७ फूट मूर्ती फोटोत किती पाहिली असेल आपण. पण फोटोत ती आपल्या हातात असते. इथे ती वर असते आणि मान मागे टाकावी लागते. आक्कांनी मान मागे टाकली, तेवढ्यात मी यंत्राला खालून हात दिला, नाहीतर मान आखडली असती.

मग त्या म्हणाल्या, "तोंड दिसंना गं."

मी टीव्हीकडे बघितलं. खरंच दिसत नव्हतं. मूर्तीचा आकार होता, चेहऱ्याच्या जागी उजळ डाग होता. ते गूढ हसू, अर्धवट मिटलेले डोळे, काही नाही. नंतर मी तोही हिशेब केला. १०० फुटांवरून ५७ फुटांची मूर्ती नजरेत साधारण ३२ अंश भरते, एवढा कोन पुतण्यानं काढून दिला. ३२ गुणिले १०.७ म्हणजे अख्ख्या मूर्तीला सुमारे ३४० ठिपके. चेहरा उंचीच्या आठवा भाग धरला, तर ४२. बेचाळीस टिपक्यांत ते हसू कसं मावणार? बेचाळीस टिपक्यांत आपली रांगोळीसुद्धा भरत नाही.

पण आक्का थांबल्या नाहीत. बोट वर करून मला सांगायला लागल्या. "हितनं माधवीचा वेल वर चढलाय बघ, पायावरनं, मांडीवरनं, वर हातांवर. हितं वारुळं हायेत. त्यातनं साप निघालेत." टीव्हीवर यातलं एकही धड दिसत नव्हतं. त्या हवेत बोट फिरवत होत्या आणि वेलाचं पान अन् पान बरोबर जागी होतं. नंतर मी पुस्तकातला फोटो काढून ताडून पाहिलं. ४० वर्षांपूर्वीचं दर्शन त्या यंत्रावर चढवून बघत होत्या.

दहा मिनिटं झाली तशी मी सांगून यंत्र काढलं. डोळे झाकलेल्या माणसाला न सांगता हात लावू नये, दचकतं. डोळे पुसत म्हणाल्या, "गर्दी कुठं गेली सगळी?" मी म्हटलं, "आक्का, पहाटे घेतला असेल व्हिडिओ." त्यांना ते काही पटलं नाही.

आता जे सांगणार आहे, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आक्कांचा नियम आहे, देवदर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही. घराजवळच्या मंदिरात त्या वॉकरनं जातात. पावसात किंवा तब्येत बरी नसताना जाणं झालं नाही, तर त्या दिवशी एका रसाचा त्याग. त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता आणि आम्ही यंत्र लावलं ते जेवणाआधी. पुतण्या आनंदानं म्हणाला, "आज्जी, आज दर्शन झालं की. आणि तेही गोमटेश्वराचं!" आक्का हसल्या, म्हणाल्या, "बरं दाखवलंस बाळा." पानावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या आमटीत मीठ घालू नको."

नियमाचा हिशेब त्यांनी त्यांच्यापुरता करून टाकला. कुणाला उपदेश केला नाही, यंत्राला नावं ठेवली नाहीत. आपल्यापैकी कुणाला वाटेल फोटोपुढे हात जोडतो, मग हे का नाही? जिनं तिनं आपल्या गुरूंना विचारावं, मी त्यातली अधिकारी नाही. मला जे दिसलं ते एवढंच, की आक्कांच्या मनात दोन खाती वेगळी होती. एक आठवणीचं, एक दर्शनाचं. यंत्रानं पहिल्या खात्यात भरपूर जमा केलं. दुसऱ्या खात्यात त्यांनी एक पैसाही टाकू दिला नाही.

घरात मात्र ही खाती एक होऊ लागली. दिवाळीनंतर आक्कांना डोलीनं का होईना श्रवणबेळगोळला नेऊ, असं आमचं वर्षभर चाललं होतं. तिथे डोलीची सोय आहे. यंत्र आल्यावर आठ दिवसांत धाकटे दीर म्हणाले, "आता एवढ्या लांब प्रवासाचा धोका कशाला? बघितलं की त्यांनी." आमच्या घरचेही मान हलवायला लागले. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. ८६ वर्षांच्या माणसाला गाडीतून एवढ्या लांब न्यायचं म्हणजे जबाबदारी आहे. पण न नेण्याचं कारण त्यांची तब्येत असेल, तर तसं म्हणावं. यंत्रानं पाहिलं म्हणून नेत नाही, हे कारण मला मान्य होईना. मी सगळ्यांसमोर तसं म्हटलं, आणि आक्कांना विचारायला लावलं. त्यांच्याच यात्रेची चर्चा दोन खोल्या पलीकडे चालली होती आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आक्का म्हणाल्या, "एवढ्या लांब मला झेपायचं न्हाई, ते मला ठावं हाय. कुंभोजला न्या." कुंभोजच्या बाहुबलीची मूर्ती २८ फुटांची, १९६३ सालची. आमच्यापासून सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. इतकी जवळ असून किती वर्षांत आम्ही त्यांना नेलं नव्हतं, कारण लांबच्या मोठ्या यात्रेचे बेत चालले होते. पुढच्या रविवारी गेलो. व्हीलचेअर, दोघांचे हात, मध्ये दोनदा विसावा. मूर्तीसमोर त्या बराच वेळ बसल्या. चेहरा दिसत होता. घरी आल्यावर मीठ घातलेली आमटी जेवल्या.

म्हणून यंत्र वाईट का? मुळीच नाही. आमच्या ओळखीतल्या एक बाई पाठीच्या दुखण्यानं तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यासाठी आम्ही ते चार दिवस नेलं. त्यांना तीर्थ नको होतं, समुद्र हवा होता. वेंगुर्ल्याच्या बाजूचा किनारा बघून त्या दोन दिवस प्रसन्न होत्या. त्यांना कुंभोजही शक्य नाही. अशांसाठी मी म्हणेन, पैसे सार्थकी लागतील.

घ्यायचं ठरवलंत तर थोडं आणखी. हलत्या कॅमेऱ्याचे, ड्रोनचे व्हिडिओ ज्येष्ठांना दाखवू नका. डोळ्यांना वाटतं आपण उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय, आणि घाटातल्या एस.टी.सारखं मळमळतं. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याचेच बघा. तरी मळमळलं तर यंत्र लगेच काढा, डोळे मिटून बसा. सुंठीचा तुकडा तोंडात ठेवला तर मला बरं वाटतं. यंत्र आधी आपण लावून व्हिडिओ सुरू करून घ्या, मग त्यांना लावा. कंट्रोलरची बटणं त्यांच्या हाती देऊ नका. लेण्यांचे, गाभाऱ्याचे व्हिडिओ एलसीडी पडद्यावर फारसे खुलत नाहीत. त्याचा काळा रंग खरा काळा नसतो, राखाडी असतो. वेरूळच्या आपल्या लेण्यांचा, ३० ते ३४ क्रमांकांच्या, एक व्हिडिओ बघितला तेव्हा आतला तो गार अंधार कुठे गेला असंच वाटलं. उघड्यावरची ठिकाणं बघा, ती छान दिसतात. बॅटरी दोनेक तास चालते, आणि त्याहून जास्त वेळ कुणी बघूही नये. घेण्याआधी कुणाचं तरी एक दिवस मागून आणा, आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्या माणसाला दहा मिनिटं लावून बघा. मुलांचं मत विचारू नका, त्यांच्या मानेचं आणि डोळ्यांचं विचारा.

आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना यंत्र दाखवायच्या आधी एक विचारा, कुठे जायचंय. काही ठिकाणं रिक्षानं जाता येण्याएवढी जवळ असतात.

जय जिनेंद्र.